चौऱ्याण्णव किलोंचा नवस

माझं वजन चौऱ्याण्णव किलो आहे ही माझी आणि आमच्या घरातल्या वजनकाट्याची आपापसातली गोष्ट आहे, असं मी इतकी वर्षं समजत होतो. बायकोलाही मी तो आकडा कधी स्पष्ट सांगितलेला नाही. तिने विचारलं की मी 'नव्वदच्या आसपास' म्हणतो, आणि 'आसपास'मध्ये चार किलो सहज मावतात. अशा या खासगी आकड्याची माझ्या सासुरवाडीला, कोलशेतच्या जत्रेत लाउडस्पीकरवरून घोषणा होणार आहे, हे मला जत्रेच्या बरोबर बारा दिवस आधी, आमरसाच्या दुसऱ्या वाटीत पोळी बुडवताना कळलं.

"आईने तुमचा नवस यंदा फेडायचं ठरवलंय," नंदा म्हणाली. "गूळतुला."

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी मला डेंग्यू झाला आणि मी ठाण्याच्या एका दवाखान्यात आठ दिवस पडून होतो. त्यातले तीन दिवस मला आठवत नाहीत. त्या काळात माझ्या सासूबाई मनुबाई यांनी कोलशेतच्या गावदेवीला नवस बोलला की जावई बरा झाला तर त्याच्या वजनाइतका गूळ वाहीन. मी बरा झालो. म्हणजे नवस सासूबाईंचा, कृपा देवीची, आणि वजन तेवढं माझं. ज्याचं वजन जाहीर व्हायचं त्याची परवानगी घ्यावी, हे तिघांपैकी दोघींनाही सुचलं नाही.

कोलशेतच्या कोळीवाड्यात तुला होते ती देवळासमोरच्या मांडवात, भर दुपारी, पाच-सहाशे माणसांच्या देखत. एका पारड्यात गूळ, दुसऱ्या पारड्यात माणूस. आणि मग माईकवरून नाव, नातं, गाव आणि वजन. गेल्या वर्षी तिथे भिवंडीचे एक जावई बसले होते. शाळेत मुख्याध्यापक, बोलायला मऊ, चारचौघांत मान असलेला माणूस. एकशेतीन भरले. तेव्हापासून कोलशेतमध्ये त्यांना नाव उरलेलं नाही. "एकशेतीन आले का?" "एकशेतीनना चहा द्या." परवा त्यांच्या मुलीच्या साखरपुड्यात व्याह्यांनीसुद्धा त्यांना तसंच बोलावल्याचं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे.

मी एका सहकारी संस्थेत वरिष्ठ लेखनिक आहे. माझ्या सहीशिवाय तिथे पंखा दुरुस्त होत नाही. उरलेलं आयुष्य सासुरवाडीला 'चौऱ्याण्णव' म्हणून काढायची माझी तयारी नव्हती. पंच्याऐंशी चाललं असतं. मी नंदाला तसं समजावूनही सांगितलं, की पंच्याऐंशी म्हटलं की कसं मार्क पडल्यासारखं वाटतं.

"मग चौऱ्याण्णव जास्त चांगले की," ती म्हणाली.

तिला आकडा नेमका माहीत होता, हे त्या क्षणी माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी रागात होतो.

आमच्याच मजल्यावर सरोजवहिनी राहतात. त्यांनी आहारशास्त्राचा पंधरा दिवसांचा ऑनलाइन कोर्स केला आहे आणि त्याचं प्रमाणपत्र लॅमिनेट करून दारावर, नावाच्या पाटीच्या वर लावलं आहे. बेल वाजवायला गेलेल्या माणसाला ते वाचावंच लागतं. त्यांनी मला सोफ्यावर बसवलं, चष्मा लावला आणि माझ्याकडे फर्निचर हलवायला आलेला माणूस कपाटाकडे बघतो तसं बघितलं.

"दहा दिवस, आठशे कॅलरी," त्या म्हणाल्या. "पहिले तीन-चार किलो पाण्याचे जातात. नंतर शरीर ऐकत नाही."

"पाण्याचे का असेनात, वहिनी. काट्याला काय कळतंय."

"आणि हे फार दिवस करायचं नाही हं, चक्कर येते," हे त्यांनी मी दारातून बाहेर पडताना सांगितलं. कोर्समध्ये ते शेवटच्या दिवशी शिकवत असावेत.

सकाळी दुधीचा रस. अकराला काकडी. दुपारी एक फुलका, बिनतेलाची भाजी, आणि मोड आलेले मूग एक मूठ, मूठ वहिनींची. चारला ताक, ज्यात ताक शोधावं लागे. रात्री कोबीचं सूप. हे सूप म्हणजे कोबी ज्या पाण्यात धुतला ते पाणी गरम केलेलं असावं असा माझा आजही समज आहे. आणि हे सगळं ऐन मे महिन्यात. घरात हापूसची पेटी आलेली, नंदा माझ्या डोळ्यांदेखत बोंबील तळते आणि वर म्हणते, "तुमच्यासाठी केलेच नाहीयेत, तुम्ही बघू नका." बोंबील काय बघून कळतात?

सोसायटीत बातमी पसरायला एक लिफ्टची फेरी पुरली. ज्या माणसांनी अकरा वर्षांत मला पार्किंग सोडून कुठल्याही विषयावर प्रश्न विचारला नव्हता, ती माणसं आता माझ्या पोटाकडे बघत बोलू लागली. तळमजल्यावरच्यांनी गरम पाण्यात लिंबू सांगितलं. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी लिंबाने हाडं ठिसूळ होतात असं सांगितलं. सेक्रेटरींनी जिने चढायला सांगितलं, आणि त्याच संध्याकाळी लिफ्ट देखभालीसाठी बंद ठेवली. मला त्यात डाव दिसतो, पण पुरावा नाही.

तिसऱ्या दिवशी मी नव्वद पूर्णांक आठवर आलो. चौथ्या दिवशी ऑफिसात एका वहीवर सही करताना मी 'रघुनाथ चेंदवणकर'ऐवजी 'रघुनाथ चटणी' असं लिहिलं. ती नोंद अजून तशीच आहे.

पाचव्या दिवशी रतनचा फोन आला. रतन हा माझा साडू, नंदाच्या धाकट्या बहिणीचा नवरा. वजन बासष्ट किलो, रोज सकाळी पळायला जातो, आणि देवस्थान समितीचा चिटणीस असल्यामुळे जत्रेत माईक त्याच्या हातात असतो. तो म्हणाला, "साडूभाऊ, तुमच्या तुलेचा अर्ज आला. अंदाजे वजन चौऱ्याण्णव टाकलंय. तेवढ्या ढेपांची ऑर्डर मी कल्याणच्या मार्केटला देऊन टाकतो."

माझ्या हातातली काकडी खाली पडली. धुऊन खाल्ली, ती गोष्ट वेगळी.

"कुणी टाकलं चौऱ्याण्णव?"

"सासूबाईंनी. नवस त्यांचा, अर्ज त्यांचा."

सासूबाईंना आकडा पुरवणारी व्यक्ती माझ्याच घरात बोंबील तळत होती, याबद्दल माझी खात्री पटली. मी नंदाशी दीड दिवस बोललो नाही. ते तिच्या लक्षात आलं नाही, कारण उपाशी माणूस तसाही फार बोलत नाही.

मी रतनला आकडा बदलायला सांगितलं. तो म्हणाला, बदलता येईल, पण दुरुस्ती-अर्ज लागेल, आणि त्याला वजनाची चिठ्ठी जोडावी लागेल. घरच्या काट्याचा फोटो चालत नाही, कारण गेल्या वर्षी एकाने फोटोत एक पाय बाहेर ठेवला होता. स्टेशनवरच्या काट्याचं तिकीट चालत नाही, कारण त्याच्या मागे भविष्य छापलेलं असतं. चिठ्ठी शिक्का असलेल्या काट्याची हवी. हे नियम कुणी केले असं मी विचारलं. रतनने केले होते.

शिक्का असलेला काटा म्हणून मी सहाव्या दिवशी अर्धी रजा टाकून कल्याणच्या मार्केटजवळच्या धर्मकाट्यावर गेलो. ट्रक वजन करतात तो. रांगेत माझ्यापुढे कांद्याचा ट्रक आणि मागे कलिंगडांचा टेम्पो, मध्ये मी, पायी. माझी पाळी आली तेव्हा मी त्या लांबरुंद लोखंडी फळीच्या बरोबर मधोमध जाऊन उभा राहिलो. खिडकीतल्या माणसाने बाहेर बघितलं आणि हात हलवला. "ओ काका, बाजूला व्हा, गाडी येऊ द्या."

"माझंच वजन करायचं आहे."

त्याने माझ्याकडे थोडा वेळ बघितलं. मग तो बोलला ते मात्र सभ्यपणे बोलला, म्हणजे वेडा समजून. "गाडी नंबर?"

"नाही."

"नंबर टाकल्याशिवाय चिठ्ठी निघत नाय. माल काय?"

मागून कलिंगडवाला हॉर्न वाजवत होता. अखेर गाडी नंबरच्या जागी त्याने माझा मोबाइल नंबर टाकला आणि मालाच्या जागी 'मनुष्य, १ नग'. वजन आलं शंभर किलो. मी भांडलो. तो म्हणाला, हा काटा वीस-वीस किलोंनी मोजतो, मधलं काही त्याला दिसत नाही. ऐंशी हवे असतील तर आणखी थोडे बारीक होऊन या. सहा दिवस उपाशी राहून माझ्याकडे आता शिक्का मारलेला, तारीख-वेळ असलेला पुरावा होता की मी शंभर किलोंचा आहे. ती चिठ्ठी मी तिथेच फाडली. रतनच्या हाती ती लागली असती तर कोलशेतमध्ये मला एकशेतीनांच्या शेजारची खुर्ची मिळाली असती.

दुरुस्ती राहिली. मी स्वतःची समजूत घातली की अर्जावर काही का असेना, जाहीर होईल ते पारड्यातलं वजन. गूळ उरला तर लोक प्रसाद म्हणून वाटून घेतील.

आठव्या दिवशी सासूबाई आमच्याकडे डोंबिवलीला आल्या. मनुबाई म्हणजे एवढीशी बाई, पण चाळीस वर्षं त्यांनी ठाण्याच्या बाजारात मासळी विकली आहे. टोपलीतला मासा हातात न घेता त्या वजन सांगतात. दार उघडून मी वाकून नमस्कार केला, तर आशीर्वाद द्यायच्या आधी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"नंदा," त्या मला ओलांडून स्वयंपाकघराकडे बघत म्हणाल्या, "ह्यांचे पाच किलो कुठं गेले?"

मी सकाळीच काट्यावर बघितलं होतं. एकोणनव्वद. मला आनंद व्हायला हवा होता, पण स्वतःच्या घरात, अंगात बंडी असताना, सुरमईसारखं तोललं जाणं मला अपमानाचं वाटलं.

"डाएट करतायत," नंदा म्हणाली. "जत्रेसाठी."

 सासूबाईंनी सोबत आणलेला डबा टेबलावर ठेवला. कोलंबीचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या. मी म्हणालो, आज माझे मूग आहेत. त्यांनी डबा उघडून माझ्यासमोर सरकवला. मी तो झाकण लावून परत सरकवला. असं दोनदा झालं. मग मी जरा आवाज चढवूनच म्हणालो, की सासूबाई, वजन माझं आहे, ते किती ठेवायचं हे मला ठरवू द्या. त्या उठल्या, चहाही न घेता निघाल्या. दारात नंदाला म्हणाल्या, "मी देवीला काय सांगू?" गुळाची ऑर्डर वाया जाईल म्हणून चाललंय हे सगळं, असं मी धरून चाललो. त्या कालवणाचा वास घरात दुसऱ्या दिवसापर्यंत होता.

जत्रेच्या सकाळी मी सत्त्याऐंशी भरलो. पंच्याऐंशी नाही जमले, पण सात किलो म्हणजे थोडेथोडके नव्हेत. मी नवा सदरा घातला. तो पुढून छान बसला. उभं राहिलं की डोळ्यांसमोर थोडं हलायचं, पण मी मान ताठ ठेवली.

मांडवात गर्दी भरपूर. मधोमध लाकडी आडव्याला साखळदंडांनी टांगलेली दोन मोठी पारडी. पद्धत अशी, की नवस बोलणाऱ्याने आधी गूळ देवीला दाखवायचा, हळदकुंकू वाहून स्वतःच्या हाताने पारड्यात ठेवायचा, आणि मग माणूस बसवायचा. सासूबाईंनी दहा-दहा किलोंच्या नऊ ढेपा आणि वरचे चार किलो आधीच रचून ठेवले होते. तिघांनी दुसरं पारडं खाली दाबून धरलं, मी मांडी घालून बसलो, त्यांनी हात सोडले, आणि मी वर गेलो.

वर म्हणजे चांगला कमरेइतका वर. गूळ खाली जमिनीला टेकलेला आणि मी हवेत, मांडी घातलेली, डोक्याला फेटा, हातात नारळ.  मग हशा सुरू झाला तो पार खाडीच्या बाजूपर्यंत पोचला.

"थोडा गूळ काढा," मी वरून म्हणालो.

पुजारी भिवाजीकाका पंच्याऐंशीचे. वयाने. त्यांनी हात वर केला. "चढवलेलं काढता येत नाय. ते देवीचं झालं."

"मग माझ्या पारड्यात काहीतरी ठेवा."

"ठेवलेल्याचा नवस नाय बोलला. पाटा ठेवला तर पाट्याची तुला होईल." काकांनी जरा विचार केला. "पोटात गेलं ते चालंल."

आजवर कोलशेतमध्ये गूळ कमी पडत आला होता. माणूस कमी पडण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे यावर नियम नव्हता, रतननेसुद्धा केला नव्हता. त्याने मग तो जागच्या जागी केला. माईक तोंडाशी धरून तो म्हणाला, "मंडळी, शांतता राखा. मनुबाईंचे थोरले जावई, डोंबिवली, सात किलो कमी पडतायत. ज्यांच्याकडे खायला काही असेल त्यांनी कृपया पुढे यावं."

कमी पडतायत. लाउडस्पीकरवरून. जास्त भरलो म्हणून हसतील या भीतीने मी दहा दिवस गवत खाल्लं, आणि आता सहाशे माणसांना कळत होतं की हा जावई पुरत नाही. बायका केळी घेऊन आल्या. कुणी लाडू दिले, कुणी पाण्याची बाटली. एक म्हातारी शिडीसारखं स्टूल लावून मला उसाचा रस पाजू लागली. मी सहा केळी खाल्ली, दोन बाटल्या पाणी प्यालो, आणि पारडं जेमतेम वीतभर खाली आलं. एकशेतीन पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, त्यात सहानुभूती होती असं मला वाटत नाही.

मी संतापून उतरायच्या बेतात होतो तेवढ्यात सासूबाई पुढे आल्या. त्यांनी रतनला माईक बंद करायची खूण केली. मग माझ्या पारड्याची साखळी धरली. माझ्या लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण त्या माझ्याशी थेट असं बोलल्याचं मला आठवत नाही.

"तुमी दवाखान्यात होता ना," त्या हळू म्हणाल्या, "तवा नर्सबाय औषधासाठी वजन लिवत होती. मी बाहेर बाकड्यावर. तिनं चौऱ्याण्णव सांगितलं, ते मी ऐकलं. तवाच देवीला बोलली, चौऱ्याण्णव किलोचा जावय आत नेलाय, तेवढाच्या तेवढा बाहेर दे. एक किलो कमी दिलास तरी मी घेणार नाय. तिनं दिला. आता मीच कमी घेऊन आली तर तिला काय तोंड दाखवू?"

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तोंडात केळं होतं. मी ते गिळलं. त्या तीन दिवसांचं मला काहीच आठवत नव्हतं, आणि ही बाई त्या दिवसांत बाकड्यावर बसून माझा एकेक किलो मागत होती. नंदाशी दीड दिवस उगीच अबोला धरला, हेही तेव्हाच कळलं. मला खूप लाज वाटली, आणि ती अशी हवेत बसून वाटून घ्यावी लागली याचा रागही आला.

"रतन," मी म्हणालो, "माईक इकडे दे."

"आता कशाला, साडूभाऊ? मी सांगतो की..."

"दे म्हटलं ना."

त्याने दिला. 

"मी रघुनाथ चेंदवणकर," मी म्हणालो. "मनुबाईंचा थोरला जावई. माझं वजन चौऱ्याण्णव किलो आहे." आवाज देवळावरून, होड्यांवरून पलीकडे गेला. "देवीने तेवढंच दिलं होतं. त्यातले सात किलो मी घालवले, त्यात माझ्या सासूबाईंची काही चूक नाही. पुढच्या पौर्णिमेला मी पुरे चौऱ्याण्णव घेऊन येईन."

हसलं कुणी नाही. भिवाजीकाका देवीकडे बघून म्हणाले, "चालंल. पौर्णिमेपर्यंत गूळ हितंच ऱ्हाईल." मग मागून कुणीतरी ओरडून विचारलं की पंधरा दिवसांत सात किलो होतील का, आणि त्यावर मांडवभर चर्चा सुरू झाली. निम्मे लोक म्हशीचं दूध सांगत होते, निम्मे सुकं मटण. एकशेतीन स्वतः उठून आले आणि रात्री झोपताना भात खा, असं अनुभवाने सांगून गेले.

तिघांनी पारडं खाली धरलं. मी उतरताच सासूबाईंनी माझा दंड पकडला आणि सोडला नाही. तसंच धरून त्यांनी मला घरी नेलं, ओटीवर पाटावर बसवलं, आणि ताटात तीन भाकऱ्या आणि बोंबलाचं कालवण वाढलं. समोर बसून त्या बघत राहिल्या. मला रतनवर राग काढायचा होता, सरोजवहिनींवर, धर्मकाट्यावरच्या त्या माणसावर, आणि या सगळ्या गावावर. पण राग काढायलाही अंगात थोडी ताकद लागते, म्हणून मी आधी जेवलो.